सापाच्या पिल्लाला ‘भरभरून खाऊ घाला’ या सल्ल्याचा प्रतिवाद

नव्याने साप पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला बऱ्याच काळापासून फिरत आहे. पिल्लाला जिवंत भक्ष्यच द्यावे, कारण निसर्गात ते तसेच खाते. जिवंत भक्ष्य न मिळाल्यास कच्च्या मांसाचे तुकडे चालतात. ते घेईल तितके द्यावे, म्हणजे झपाट्याने वाढेल. भरवताना त्याला दुसऱ्या डब्यात हलवावे, नाहीतर ते हाताला चावू लागेल. आणि दोनदा नाकारले तर तोंड उघडून भरवावे, असे तो सांगतो. हा सल्ला देणाऱ्यांना पिल्लाविषयी काळजीच असते, याबद्दल मला शंका नाही. परंतु या काळजीचे माप माणसाच्या भुकेवरून घेतलेले आहे आणि त्याचा त्रास पिल्लाला होतो. पुढील विवेचन मुख्यतः कॉर्न स्नेक (अमेरिकेतील एक बिनविषारी साप) आणि बॉल पायथन (आफ्रिकेतील एक लहान अजगर) यांना धरून आहे, कारण नवखे लोक बहुधा यांच्यापासून सुरुवात करतात.

सर्वांत घातक सूचना ‘घेईल तितके द्या’ ही आहे, म्हणून तिच्यापासून आरंभ करतो. साप स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून तापमान राखत नाही. त्याचे पचन बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालते. अजगराच्या कुळातील सापांमध्ये दोन जेवणांच्या मधल्या काळात आतडे आकसते आणि भक्ष्य पोटात गेल्यावर ते एकदोन दिवसांत पुन्हा वाढते, तर चयापचयाचा वेग विश्रांतीच्या कितीतरी पट होतो. प्रत्येक जेवण हे असे मोठे शारीरिक काम असताना, पहिले संपण्याआधी दुसरे अंगावर टाकणे म्हणजे वाढीला मदत नव्हे. ‘पण ते मागते आहे ना’ असा युक्तिवाद केला जातो. पुढचे भक्ष्य केव्हा सापडेल याची शाश्वती नसलेला शिकारी समोर आलेले सहसा सोडत नाही, त्यामुळे त्याने झडप घातली म्हणजे त्याला अन्नाची गरज होती असे ठरत नाही.

मग माप कोणते? भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी, फार तर किंचित जास्त असावी आणि त्याचे वजन पिल्लाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास असावे. ६० ग्रॅम वजनाच्या बॉल पायथनच्या पिल्लाला त्यामुळे ६ ते ९ ग्रॅमचे भक्ष्य पुरते. नुकत्याच जन्मलेल्या कॉर्न स्नेकचे वजन इतके कमी असते की उंदराचे नवजात पिल्लूही या मापापेक्षा थोडे जड भरते; तेवढे चालते. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिली कात टाकेपर्यंत पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, म्हणून पहिले जेवण त्यानंतरच द्यावे. पुढे पाच ते सात दिवसांचे अंतर ठेवावे आणि साप मोठा होईल तसे ते दहा-चौदा दिवसांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक वाढवावे. यासाठी ग्रॅममध्ये मोजणारा साधा वजनकाटा आणि एक वही एवढेच लागते. माझ्या मते या दोन वस्तू पिल्लाच्या आधी घरात यायला हव्यात.

अति मोठे भक्ष्य, अपुरी ऊब किंवा खाल्ल्यावर लगेच हाताळणे यांमुळे साप भक्ष्य ओकून टाकतो. माझ्या एका कॉर्न स्नेकच्या पिल्लाने असे केले, तेव्हा ‘पोट रिकामे झाले’ म्हणून दुसऱ्याच दिवशी मी त्याला पुन्हा भरवले आणि तेही बाहेर आले. ओकताना पाणी आणि पाचक रस वाया जातात, अन्ननलिकेला इजा होते आणि प्रत्येक वेळी पिल्लू आणखी अशक्त होते. अशा वेळी आधी सापाच्या पेटीतील उबदार ठेवलेल्या कोपऱ्याचे तापमान तपासावे, ताजे पाणी ठेवावे, दहा ते चौदा दिवस थांबावे आणि मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे. पुन्हा ओकल्यास पशुवैद्याकडे जावे.

जिवंत भक्ष्याच्या आग्रहात थोडे तथ्य आहे. काही पिल्ले सुरुवातीला हालचालीलाच प्रतिसाद देतात, आणि उंदराच्या नवजात पिल्लाला दात नसल्यामुळे त्याच्यापासून धोकाही नसतो. मात्र साप वाढतो तसे भक्ष्यही वाढते आणि दात असलेला उंदीर जीव वाचवण्यासाठी चावतो. भूक नसलेल्या सापाच्या पेटीत रात्रभर राहिलेल्या उंदराने त्याची पाठ कुरतडून खोल जखमा केल्याची प्रकरणे पशुवैद्यांना परिचित आहेत. निसर्गाचा दाखला येथे लागू पडत नाही, कारण तेथे साप वेळ आणि जागा निवडतो, माघारही घेऊ शकतो. पेटीत त्याला पळायला वाट नसते. म्हणून आधीच मारून गोठवलेले भक्ष्य द्यावे. ते निःसत्त्व असते, हेही खरे नाही. दीर्घ साठवणीत काही जीवनसत्त्वे घटतात, म्हणून ते काही महिन्यांत वापरावे, एवढेच.

गोठवलेले भक्ष्य रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वितळवावे आणि बंद पिशवीत घालून कोमट-गरम पाण्यात उबदार करावे; मायक्रोवेव्हमध्ये ते असमान तापते, कधी फुटते. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खाचा असल्यामुळे भक्ष्याचे डोके उबदार असणे त्याच्यासाठी विशेष महत्त्वाचे ठरते. ते लांब चिमट्याने धरावे, म्हणजे उबदार बोट आणि उबदार उंदीर यांत सापाची गल्लत होणार नाही. गोठवल्याने साल्मोनेला (माणसाला आजारी पाडणारे जिवाणू) मरत नाही, त्यामुळे नंतर हात साबणाने धुवावेत आणि स्वयंपाकाची भांडी या कामाला वापरू नयेत.

मांसाच्या तुकड्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अख्ख्या उंदरात हाडांतून कॅल्शियम आणि यकृतातून जीवनसत्त्वे मिळतात. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, त्यामुळे वाढत्या पिल्लाची हाडे कमकुवत राहतात.

वेगळ्या डब्याचा आग्रह मला न पटणारा आहे. पेटी उघडली की खाणेच येते, असे सापाने गृहीत धरू नये, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण त्यावर सोपा उपाय असा की खाण्याव्यतिरिक्तही पेटी नियमित उघडावी आणि उचलण्यापूर्वी सापाला आकड्याने (टोकाला वाकवलेल्या काठीने) हलकेच स्पर्श करावा. भरल्या पोटी सापाला उचलून परत आणणे हे ओकण्याला निमंत्रण आहे, आणि भुकेच्या आवेशातील साप हातात घेणे चावण्याला. जेवणानंतर निदान ४८ तास त्याला हातच लावू नये. एकत्र ठेवलेले साप मात्र खाण्यासाठी वेगळे करावेच लागतात, आणि खरे तर ते एकत्र ठेवूच नयेत.

राहता राहिला नकार. नव्या घरी आलेल्या पिल्लाला पहिले पाच-सात दिवस न हाताळता, लपायला जागा देऊन एकटे सोडावे आणि मगच भक्ष्य दाखवावे. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ-निळसर होतात, त्या दिवसांत अनेक साप खात नाहीत. नाकारलेले भक्ष्य काढून टाकावे, पुन्हा गोठवू नये आणि रोज नव्याने समोर न धरता पुढच्या ठरल्या दिवसापर्यंत थांबावे. प्रौढ बॉल पायथन कित्येक महिने न खाता राहू शकतो. पिल्लाकडे तेवढा साठा नसतो, म्हणून वही येथे उपयोगी पडते. वजन स्थिर असेल तर वाट पाहता येते. ते सतत घसरत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्याला दाखवावे. तोंड उघडून भरवण्याचा निर्णयही त्यांच्यावरच सोडावा, कारण पिल्लाच्या जबड्याची हाडे काडीसारखी नाजूक असतात आणि नवख्या हाताने ती सहज मोडतात.