हलगी, पायपेटी आणि काकांची प्रतिक्रिया

काका, जय ख्रिस्त.

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्रीच वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून थांबलो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: सुगीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये हलगी वाजली, त्याचं मी मागच्या लेखात कौतुक केलं होतं. त्यावर काकांनी (नात्यातले नव्हेत, आमच्याच चर्चमधले वडीलधारे) लिहिलंय, 'देवाच्या घराचं देऊळ केलंत. आणि ज्या हलगीपायी माझा बाप पाटलाच्या दारात उन्हात उभा राहायचा, तीच वेदीपुढं आणलीत. वर बाहेरची माणसं गोळा झाली म्हणून मिरवताय. पायपेटी मात्र कोपऱ्यात सडतीय.'

देवळाचं मला पटत नाही. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण लिहिलं ते ओवीत, दहा हजारांहून जास्त ओव्या, १६१६ साली छापलेलं. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्या कानाला ओळखीचं काही हवं होतं. आपल्या नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी देशी चालींवर गीतं केली, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजनं दिली. टाळ-पेटीवर ती म्हणतच आपण वाढलो, तेव्हा कुठं देऊळ झालं? आणि तुमची लाडकी पायपेटी, ती पायानं भाता मारायची हार्मोनियम, तरी कुठली? ती १८४० च्या दशकातल्या पॅरिसची. तिकडची चालते आणि आपल्या गावातली हलगी चालत नाही, हे मला उफराटं वाटतं.

पण तुमचा राग देवळाचा नाहीच, हे मला दुसऱ्यांदा वाचताना कळलं.

त्या सकाळी पोरं चर्चमागं पाचट पेटवून हलगी शेकत होती. कातडं तापलं की टिपरूचा (वाजवायच्या काठीचा) आवाज कोरडा, टणक होतो, तो कान लावून पारखत होती. मग ज्वारीची कणसं, उसाची कांडकी, भोपळे घेऊन मंडळी आत आली, पुढं हलगी. तेव्हा दुसऱ्या रांगेतून तुम्ही उठून बाहेर गेलात. पंखा बंद होता, म्हणून उकडलं असेल असं मला वाटलं. खरंच तेवढंच वाटलं. आमच्या घरात हलगी कधी नव्हती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. मला त्यात ताल ऐकू आला आणि तुम्हाला बाप दिसला.

तमिळनाडूत हाच वाद होऊन गेलाय. मदुराईच्या सेमिनरीत (पाळक घडवायच्या शाळेत) शिकवणारे थिओफिलस अप्पावू (२००५ साली वारले) यांनी पराई उपासनेत आणली. पराई म्हणजे आपल्या हलगीची सख्खी बहीण. मयताला, जत्रेला ती दलितांनीच वाजवायची. तिकडच्या चर्चमध्ये कर्नाटक संगीताला मान होता, आणि ते वरच्या जातींचं गाणं आहे, गावाकडच्या चालींनाही देवापुढं जागा हवी, असं अप्पावू म्हणायचे. (टिळकांची भजनं मला पाठ आहेत, तरी हा चिमटा मलाही बसतो. टिळक चित्पावन, आणि त्यांचं मराठी तसंच.) पण अप्पावू स्वतः दलित घरातले होते. ज्यांच्या गळ्यात ते वाद्य अडकवलं गेलं, त्यांच्यातल्याच माणसानं ते पुन्हा उचललं. आपल्याकडे मास्तरच्या नातवानं गायनमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवसांत उरकून टाकलं. तुम्हाला विचारायचं सुचलंही नाही. ही चूक माझी.

'बाहेरची माणसं गोळा झाली' हे वाक्य मी मागच्या लेखातून खोडत नाही, नाहीतर तुमची प्रतिक्रिया अधांतरी लोंबकळेल. पण ते लिहायला नको होतं. माणसं फाटकाशी आली, मोबाईलवर शूटिंग केलं, गेली. भोपळ्यांच्या लिलावालासुद्धा एक जण थांबला नाही.

आता एक गोष्ट तुम्हीही ऐकून घ्या. वाजवणाऱ्या दोघांतला एक तुमच्याच भावकीतला आहे. लग्नाच्या सुपाऱ्या घेतो. उपासनेनंतर मला म्हणाला, 'लग्नात वाजवून झालं की आमचं ताट मागच्या अंगाला असतंय. हितं पुढच्या दारानं आलो.' याला मी काय उत्तर देऊ? आणि तुम्ही काय द्याल? तुमच्या वडिलांना जे लाजेचं होतं ते या पोराला त्या दिवशी मानाचं वाटलं. दोघांतलं कोण खरं, हे ठरवायचा अधिकार माझा नाही. कमिटीचाही नाही, असं मला वाटतं, आणि हे वाचून कमिटीतले दोघे-तिघे रुसणार आहेत.

ईस्टरच्या पहाटफेरीला हलगी घ्यायची की नाही, ते तुम्ही आणि तो पोरगा बसून ठरवा. गुरुवारी संध्याकाळी माझ्या घरी जमेल का? चहा मी करीन आणि बोलणार नाही. (बायको म्हणते, हे दुसरं जमायचं नाही.)

पायपेटीचा भाता उंदरांनी कुरतडलाय. तो दुरुस्तीला दिलाय, पंधरा दिवसांत येईल.