बांधून देतो की मालक

सोलापुरात पिकअपमध्ये काहीतरी ठेवून हातात नुसती दोरी घेऊन उभं राहा, पाच मिनिटांत चार लोक जमतात आणि चौघांनाही ते कसं बांधायचं हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

मी ठेवली होती केबिन. म्हणजे कॅम्पर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडून अँगल आणि पत्र्यात करून घेतलेली, आत दोघांपुरती बर्थ, शेगडीला कट्टा, मागे दार. वजनकाट्यावर चारशे किलोच्या वर भरली. गाडीला कायमची वेल्ड केली की बॉडीत बदल आला, मग आरटीओची परवानगी घेणं आलं, म्हणून ठरलं की सामानासारखी ठेवायची, घट्ट बांधायची, परत आलो की उतरवायची. ह्यातलं "घट्ट बांधायची" हे मी एका दमात बोलून गेलो होतो, त्याची फळं दोन महिने भोगली.

अमेरिकेतल्या कॅम्परवाल्यांचे व्हिडिओ बघितले. त्यांच्याकडे चेसिसला बोल्टनी बसवलेले ब्रॅकेट आणि चार कोपऱ्यांना स्प्रिंगवाले टर्नबकल (फिरवून ताणायचे स्क्रू), कारण रस्त्यावर गाडी वेगळी पिळवटते, केबिन वेगळी, मग तो झटका स्प्रिंग खाते. मी ही थिअरी मेहुण्याला ऐकवली. तो म्हणाला, "दाजी, काय कराल्लाव? बंजी घ्या की चार, शंभर रुपयांत काम." आता बंजी म्हणजे रबरी दोरी, ताणते म्हणूनच ती बंजी, चारशे किलोला ती धरणार नाही, झोके देईल.

हार्डवेअरच्या दुकानात मालकांनी नारंगी रॅचेट बेल्ट काढला. "पाच टनाचा आहे." टॅग वाचला तर एलसी, म्हणजे धरायची क्षमता, 2500 डेकान्यूटन, साधारण अडीच टन, म्हणजे तुटायचा पाच टनाला आणि धरून चालायचं त्याच्या निम्मं. मी हे सांगितल्यावर मालक माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी ताजी शेंगाचटणी विकत घेताना तिची एक्स्पायरी विचारतोय. तरी चार घेतले.

पहिली ट्रायल होटगी रोडला. पट्टा सपाट ताणला होता, पन्नासच्या पुढं गेलो की वाऱ्यानं असा गुणगुणायला लागला की बायको म्हणाली गाडीत भुंगा शिरलाय. (नंतर कळलं, पट्ट्याला एक पीळ दिला की आवाज बंद.) पण खरी मजा गतिरोधकावर झाली. मी हूक अडकवले होते फाळक्याच्या कडीला, गाडी उडाली, पट्टा क्षणभर ढिला पडला, हूक निसटला आणि फाळका धाडकन खाली. मागच्या रिक्षावाल्यानं जे ऐकवलं ते इथं लिहित नाही. पाच टनाचा पट्टा शाबूत, त्याला धरणारा पत्रा मात्र वाकलेला. मग गपचूप फॅब्रिकेटरकडे जाऊन चेसिसला चार कड्या बोल्टनी बसवल्या, जीभवाले (तोंड बंद होणारे) हूक घेतले, पुढचे पट्टे पुढं-खाली आणि मागचे मागं-खाली ओढले, केबिनखाली जाड रबर मॅट टाकलं. पत्र्याची धार पट्टा कापू नये म्हणून कोपऱ्याला जुनी सोलापुरी चादर घडी करून घातली. चादर जुनी होती हे माझं मत. आईचं मत वेगळं आहे.

एवढं झाल्यावर थांबायला हवं होतं. पण वडिलांनी मार्केट यार्डातला त्यांच्या ओळखीचा हमाल बोलावला, ज्यानं आयुष्यभर कांद्याच्या गाड्या बांधल्या. त्यानं माझ्या चार पट्ट्यांकडे बघितलं, जवळ येऊन एकेक टिचकी मारली, म्हणाला, "बरंय. पण वरून एक दोर असू दे. बांधून देतो की मालक." आणि काथ्याचा जाड दोर केबिनला गुंडाळून असली गाठ मारली की मला ती कुठून सुरू होते तेसुद्धा दिसेना.

मे महिन्यात तुळजापूरला निघालो, जेमतेम 45 किलोमीटर, कोकण पुढच्या वेळी. मी दर दहा किलोमीटरला उतरून पट्टे दाबून बघत होतो आणि बायको दर वेळी "अजून आहे का?" विचारत होती. घाटाच्या अलीकडं वळवाचा पाऊस आला, दहा मिनिटं झोडपून गेला. केबिन मात्र सूतभरसुद्धा हलली नाही! दर्शन झालं, भूक लागली, कडक भाकरी, चटणी, दही, सगळं आत केबिनमध्ये.

आणि दोर दारावरून गेलेला.

काथ्या भिजून फुगलेला, गाठी दगडासारख्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर तो नुसता भिजला होता. पाना, स्क्रूड्रायव्हर, दात, सगळं करून बघितलं. दोर कापायचा तर सुरी आत, भाकरीशेजारी. पोरं रडायला लागल्यावर हमालाला फोन लावला.

तो शांतपणे म्हणाला, "मालक, मी बांधून देतो म्हणलो होतो. सोडायचं तुम्ही विचारला कुठं?"