‘वॉचमेन’मधले रहस्य कच्चे नाही

‘खुनाचा उलगडा अचानक होतो, वाचकाला धागेदोरे मिळतच नाहीत,’ हे ‘वॉचमेन’ या कॉमिकवरच्या लेखातले विधान पटले नाही. धागे आहेत, पण संवादांपेक्षा चौकटींच्या रचनेत जास्त. बहुतेक पाने नऊ समान चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहेत, त्यामुळे जिथे ही जाळी मोडते तिथे थांबून बघावे.

पहिल्या अंकात खून झालेल्या ब्लेकच्या घरी पोलीस बोलत असतात आणि मध्येमध्ये लाल रंगात प्रत्यक्ष खून दिसतो. मारेकऱ्याचा चेहरा चित्रकार डेव्ह गिबन्सने कटाक्षाने चौकटीबाहेर ठेवलाय. मात्र ब्लेकसारखा धिप्पाड माणूस सहज फेकला जातो, म्हणजे संशयितांची यादी तिथेच आखडते. पुढे खुनाचा छडा लावणारा मुखवटाधारी रोर्शाक हँगरची तार सरळ करून ब्लेकचे कपाट आतून आणि बाहेरून किती खोल आहे ते मोजतो. दोन्हींत फरक येतो, चोरकप्पा सापडतो. तपास असा दाखवावा!

खरा खजिना पाचवा अंक आहे. २८ पाने, रचना आरशासारखी: पहिले पान शेवटच्याशी जुळते, दुसरे सत्ताविसाव्याशी, आणि मधोमध १४-१५ हे जोडपान. त्यावर कोण आहे ते नीट पाहून ठेवा. मोबाइलवर एकेक चौकट सरकवत वाचले की नेमके हेच हरवते. छापील प्रत नसेल तर टॅबलेट आडवा धरून दोन पाने शेजारी-शेजारी लावा.

उलगडा अकराव्या अंकात होतो. तिथून थेट दुसऱ्या अंकातल्या अंत्यविधीकडे परत जा. प्रत्येकाच्या आठवणीतला ब्लेक आता वेगळा वाटेल.