अलम आणि अलम

'देवनागरीत जगातला कुठलाही उच्चार जसाच्या तसा लिहिता येतो. घशातल्या आवाजांसाठी कंठ्य वर्ण आहेतच, उरलेलं नुक्त्यानं (अक्षराखालच्या टिंबानं) भागतं. बाकी अरबी उच्चार म्हणजे नुसतं घसा खाकरणं.' हा मजकूर सोलापुरात मला चौघांनी पाठवला. देवनागरीवर माझा जीव आहे, म्हणूनच उत्तर देतोय.

आधी कंठ्य वर्ण. क, ख, ग म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. घसा त्याच्याही खाली. अरबीतला 'ऐन' हा वर्ण तिथला: जिभेचं मूळ मागे सरकतं आणि घशाच्या भिंतीजवळच्या चिंचोळ्या जागेतून आवाज निघतो. विजापूर वेशीत राहणारे आमचे चाचा मुलांना कुराणपठण शिकवतात. त्यांना म्हटलं, म्हणून दाखवा. ते 'अलम' म्हणाले, मग पुन्हा 'अलम'. पहिल्याचा अर्थ वेदना, दुसऱ्याचा झेंडा. दुसऱ्या वेळी गळा आतून आवळल्यासारखा झाला, ते समोर बसून दिसत होतं. मी वहीत दोन्ही वेळा एकच शब्द लिहिला. चाचांच्या घरच्या दखनी बोलीत ऐन नाही, 'क़लम'चंही तिथे 'खलम' होतं. हा उच्चार ते मेहनतीनं शिकलेत.

ज्याच्यामुळे वेदनेचा झेंडा होतो, त्याला खाकरणं म्हणणं मला सहन होत नाही. आठव्या शतकात बसऱ्याच्या अल-खलील यांनी अरबी शब्दकोश रचला, तो घशापासून ओठांकडे, आणि सुरुवात ऐनपासून. आपली क-च-ट-त-प ही मांडणीही आतून ओठांकडेच येते ना!

नुक्ता ही केवळ खूण. ज्यानं क़ कधी ऐकला नाही, तो टिंब पाहूनही क-च म्हणणार. आणि खुणाच करायच्या तर रोमनमध्येही करता येतात. 'इराक' पाहा: मूळ शब्द ऐननं सुरू होतो, पडजिभेपाशी उच्चारल्या जाणाऱ्या क़-नं संपतो. आपल्या लिहिण्यात दोन्ही टोकं गेली.

ऐनसारखी घशातली व्यंजनं दुर्मिळ आहेत, हे खरं. साडेपाचशेहून अधिक भाषांच्या एका पाहणीत ती जेमतेम चार टक्के भाषांत आढळली. पण अरबी बोलणारे कोट्यवधी आहेत, आणि मजकुरात शब्द आहे 'कुठलाही'.

अरबीपर्यंत तरी कशाला जायचं? 'सारं जग' म्हणा, मग 'शंभर वर्षं जग' म्हणा. दोन वेगळे ज आपण रोज बोलतो आणि एकाच अक्षरानं लिहितो.