एलसी एकच, डिग्र्या दोन

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल २०२२ मध्येच सांगून टाकलंय की एका वेळी दोन डिग्र्या करता येतील, दोन्ही रेग्युलर असल्या तरी चालतील, फक्त लेक्चरच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत. मग दरवर्षी ॲडमिशनच्या खिडकीवर तोच तमाशा का?? भाचीचं बीकॉम रेग्युलर चालू आहे, सोबत डिस्टन्सने बीए करायचंय, तर म्हणे ओरिजिनल एलसी, म्हणजे लीव्हिंग सर्टिफिकेट, आणा, अहो ती पहिल्या कॉलेजने कधीच जमा करून घेतलीय आणि ते म्हणतात आधी ॲडमिशन कॅन्सल करा मग देतो! वर डिस्टन्सच्या खिडकीवरचा माणूस विचारतो तुमचं परदेशी विद्यापीठ कुठलं. अरे बाबा ते जॉइंट आणि ड्युअल डिग्रीचं वेगळं प्रकरण आहे, त्याची नियमावली वेगळी, त्यात भारतातल्या आणि बाहेरच्या विद्यापीठाचा करार लागतो, जॉइंटला दोघांचं मिळून एक सर्टिफिकेट, ड्युअलला दोघांचं वेगवेगळं. काउंटरवर बसणाऱ्याला एवढंही कुणी समजावून सांगत नाही आणि भुर्दंड पोरांना. संताप होतो नुसता. बारावीची मार्कशीट आहे, एलसीची अटेस्टेड झेरॉक्स आहे, घ्या की ती आणि शिकू द्या पोरीला!