ट्यूब पेटायच्या आधीचं लुकलुकणं

उशिरा समजणाऱ्या पोराला 'ट्यूबलाइट' म्हणायची आपल्याकडे जुनी खोड आहे. घरात म्हणतात, शाळेत म्हणतात, क्लासमध्ये तर सर्रास. मला हे अजिबात पटत नाही. पोरांना गणित शिकवण्यातच आयुष्य चाललंय, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

आधी त्या ट्यूबचंच बघा. जुन्या ट्यूबला चोक आणि स्टार्टर असायचा. बटण दाबलं की स्टार्टरमधल्या काचेच्या कुपीतल्या पट्ट्या तापून एकमेकींना चिकटायच्या, तेवढ्यात ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा गरम व्हायच्या. मग पट्ट्या गार होऊन सुटल्या की चोक जोराचा झटका द्यायचा. तारा पुरेशा तापलेल्या नसतील तर पुन्हा पहिल्यापासून. तेच ते लुकलुकणं. म्हणजे बाहेरून नुसती उघडझाप दिसायची, पण आत पेटायची तयारी चाललेली असायची. हल्लीच्या पोरांनी एलईडीच बघितलेत. 'ट्यूब पेटली' ते म्हणतात, पण आधीचं लुकलुकणं त्यांना ठाऊकच नाही.

आपल्या कोल्हापुरात डोक्यात प्रकाश पडला की तोंडातून आपसूक निघतं, "असं हाय व्हय!" त्यातला 'व्हय' जितका लांबतो, तितकं कोडं जुनं असतं, असा माझा अनुभव आहे. आणि मराठीत त्या क्षणाच्या किती तऱ्हा आहेत! कोडं उलगडतं. युक्ती सुचते. ओळ स्फुरते. माणूस मात्र उमगतो, तोही बऱ्याच वर्षांनी. ग्यानबाची मेख कळते ती वेगळीच, तिच्यात थोडी फसवणूकही असते. 'साक्षात्कार' हा शब्द मी राखून ठेवतो, ऊठसूट वापरायचा नाही.

यातल्या एकाही ठिकाणी 'मी' कर्ता नाही. मला सुचलं, तिला कळलं, त्याला उमगलं. गोष्ट येते, माणूस तिला जागा करून देतो. म्हणून तर 'समजून घे' असं सांगता येतं, पण 'सूच' किंवा 'उमग' असा हुकूम कुणी सोडत नाही. तरी आपण फळ्यापाशी उभं राहून "समजलं का?" विचारतो, वर्ग एका सुरात "हो" म्हणतो आणि आपण पुढचं गणित घेतो.

मध्यंतरी आठवीतल्या एका गप्प मुलीला मी चिंचोके दिले. 1 अधिक 3 म्हणजे 4, त्यात 5 मिळवले की 9, त्यात 7 मिळवले की 16. दरवेळी वर्गसंख्याच का येते, एवढाच प्रश्न. उत्तर तिला पाठ होतं, पण 'का' कळंना. ती एक चिंचोका मध्ये ठेवायची, भोवती मांडायची, परत मोडायची. बाकीची पोरं कुजबुजायला लागली, मी गप्प बसलो. शेवटी तिनं एका चिंचोक्याला काटकोनात तीन लावले, त्या चौकोनाला पुन्हा काटकोनात पाच. हात थांबला. "सर, दोन्ही अंगाला एकेक वाढतोय. म्हणून दरवेळी दोन जास्त लागत्यात!" हे तिला मी सांगितलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण मग ते माझंच राहिलं असतं.

फ्रेंच गणिती आंरी प्वॅंकारे यांनी लिहून ठेवलंय की एक मोठी कल्पना त्यांना फ्रान्समधल्या कूतांस गावात बसच्या पायरीवर पाय ठेवताना सुचली. लोक ती पायरी तेवढी लक्षात ठेवतात. त्याआधी ते पंधरा दिवस त्याच विषयाला भिडून बसले होते, आणि तेव्हा एका खास तऱ्हेची फलनं (फंक्शन्स) असूच शकत नाहीत हे सिद्ध करायची खटपट चालली होती! आपल्या पैलवानांना हे वेगळं सांगायला नको. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात ऐन लढतीत डाव सुचतो, तो काय तिथं जन्मतो? तालमीत रोज अंग मातीला लावलेलं असतं.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, 'ट्यूबलाइट' हा शब्द पोरांसाठी वापरू नका. पोरगं अडखळत असेल तर तोंडातलं उत्तर काढून घेऊ नका, जरा थांबा.

आणि गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्याकडच्या मंडळींनो, तुमच्याकडं 'असं हाय व्हय'च्या जागी काय म्हणतात? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून नक्की कळवा, मी वहीत उतरवून ठेवतोय.