‘सध्या अर्ज मागे घ्या, पुढच्या वर्षी भरा’: ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाबाबत हा सल्ला ऐकू नका

ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या (वर्षभर तिथे राहून फिरण्याचा आणि कामही करण्याचा व्हिसा) बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नंबर लागलेल्या मुलामुलींमध्ये एक मेसेज फिरतोय. तो साधारण असा: ‘नंबर लागला, फी भरली, पण लगेच जायला जमत नाहीये? टेन्शन नको. अर्ज मागे घ्या. जागा तुमच्या नावावर राहते, फी पुढच्या अर्जात वळती होते, पाटी कोरी राहते. उलट व्हिसा मंजूर झाला आणि महिनाभरात निघाला नाहीत, तर तो वाया जातो आणि नाव काळ्या यादीत जातं. वय 30 पर्यंत कधीही परत भरा.’ खाली हात जोडल्याची खूण आणि ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’.

गरजूंपर्यंत पोहोचलाय, आणि त्यांच्यातल्या काहींनी तो मनावरही घेतलाय. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात मेसेजच्या मधल्या वाक्यापासून करतो, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. व्हिसा मंजूर झाल्यावर महिनाभरात निघावं लागतं, हे साफ चूक. हा 462 क्रमांकाचा व्हिसा. तो मंजूर झाल्याच्या तारखेपासून 12 महिन्यांत ऑस्ट्रेलियात पहिलं पाऊल ठेवायचं असतं, आणि तिथे राहण्याचे 12 महिने मोजले जातात ते त्या पहिल्या पावलापासून. मंजुरीचं पत्र ईमेलने येतं, त्यात ‘मस्ट नॉट अराइव्ह आफ्टर’ असं लिहून पुढे तारीख दिलेली असते. ती पाहा. बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे, कंपनीत 3 महिन्यांचा नोटिस पीरियड आहे, एम.कॉम.चं शेवटचं सत्र एप्रिलमध्ये संपतंय, ही सगळी कारणं त्या 12 महिन्यांत आरामात बसतात. कोल्हापूरच्या एका मुलीने ऑगस्टमध्ये मला विचारलं होतं, ‘दादा, मार्चशिवाय निघता येणार नाही, मागे घेऊ ना?’ तिचा अर्ज तेव्हा नुसता दाखल झाला होता, निर्णयही व्हायचा होता. तो उद्या झाला असता तरी तिला पुढच्या ऑगस्टपर्यंत मुदत मिळाली असती. हे कळल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो विमानाच्या तिकिटांचा.

ज्यांना नुसतं थोडं लांबवायचंय, त्यांनी अर्ज मागे घेण्याचं कारणच नाही.

आता ‘जागा तुमच्या नावावर राहते’. कुठली जागा? भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे हा व्हिसा भारतीयांसाठी 1 ऑक्टोबर 2024 ला खुला झाला, वर्षाला 1,000 जागा. पहिल्या दोन आठवड्यांतच 40,000 च्या आसपास नोंदण्या झाल्या, असं तेव्हाचे तिथले सहायक इमिग्रेशन मंत्री मॅट थिसलथ्वेट यांनी सांगितलं होतं. म्हणजे नोंदणीची मुदत संपायच्या आतच एका जागेमागे 40 जण उभे. या गर्दीतून संगणक नावं काढतो. मार्क नाहीत, मुलाखत नाही, ‘आधी नंबर लागला होता’ याला किंमत नाही. निवड झाली की 28 दिवसांत अर्ज भरायचा; ते दिवस उलटले की त्या निवडीचा उपयोग संपला. पुढच्या वर्षी यायचं तर पासपोर्ट आणि पॅन कार्ड घेऊन नवी नोंदणी, नवे 25 ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि परत त्याच गर्दीत. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. हा सल्ला देणाऱ्यांमध्ये ज्यांचा नंबर लागला नव्हता असेच जास्त दिसतात, हे एक जाता जाता.

फी वळती होण्याचं म्हणाल, तर असं काही खातं अस्तित्वात नाही. ऑस्ट्रेलियाच्या मायग्रेशन कायद्यात (1958) कलम 49 आहे, ते अर्ज मागे घेण्याबद्दलच आहे. त्यात स्वच्छ म्हटलंय की मागे घेतलेल्या अर्जाचं शुल्क, नियमांत वेगळी तरतूद नसेल तर, परत मिळत नाही. वेगळी तरतूद म्हणजे अर्जाची मुळात गरजच नव्हती, किंवा चूक तिथल्या इमिग्रेशन खात्याचीच होती, अशी मोजकी प्रकरणं. ‘माझा बेत बदलला’ हे त्यात बसत नाही. 2024-25 साली अर्जाचं शुल्क 650 डॉलर होतं, तेव्हाच्या दराने 35-36 हजार रुपये. शिवाय पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकलचा खर्च वेगळा, आणि ही कागदपत्रंही साधारण वर्षभरच चालतात. इंग्रजीसाठी आयईएल्टीएसचा निकाल जोडला असेल तर तोही अर्जाच्या आधीच्या 12 महिन्यांतला लागतो. (ज्यांची किमान 2 वर्षांची पदवी-पदविका पूर्ण इंग्रजी माध्यमातून झालीय, त्यांना परीक्षेची गरजच नसते. कॉलेजकडून माध्यमाचं पत्र घ्या, क्लासवाले हे सांगत नाहीत.)

पैसे परत मिळतात ही समजूत बहुधा ब्रिटनवरून आलीय. तिथल्या इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीमलाही बॅलट, वयही 18 ते 30, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते. तिथे अर्ज करताना दोन वर्षांचा हेल्थ सरचार्ज, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा आकार, आगाऊ भरावा लागतो, 2024 पासून 1,552 पौंड. अर्ज मागे घेतला किंवा नाकारला गेला तर ही रक्कम परत येते. व्हिसाची फी मात्र तिथेही अर्जावर काम सुरू व्हायच्या आत मागे घेतला तरच. लंडनला जाऊ पाहणाऱ्या कुणाच्या तरी खात्यात दीड लाखाहून जास्त रुपये परत आले, त्याने आनंदाने सांगितलं, आणि पुढच्याने ‘लंडन’ पुसून ‘सिडनी’ लिहिलं, असा काहीसा प्रवास झाला असावा.

काळ्या यादीची भीती दोन्ही बाजूंनी खोटी आहे. मंजूर झालेला व्हिसा वापरला नाही म्हणून कुणाला बंदी होत नाही. तो मुदत संपली की आपोआप संपतो, बस. आणि अर्ज मागे घेतल्यानेही डाग लागत नाही. याच्या उलट सांगणारे एजंटही आहेत, ‘मागे घेतला म्हणजे रिजेक्शनच धरतात’ असं म्हणून घाबरवणारे. त्यांनाही कलम 49 दाखवा: निर्णयाआधी मागे घेतलेला अर्ज, पुन्हा अर्ज करण्यावरच्या बंधनांसाठी, नाकारलेला धरायचा नाही, असं त्यात लिहिलंय. पण म्हणून पाटी कोरीही होत नाही. तुम्ही काय भरलं होतं, कोणतं बँक स्टेटमेंट जोडलं होतं, हे सगळं खात्याकडे राहतं. खर्चासाठी जवळ असावे लागणारे 5,000 डॉलर दाखवण्यासाठी मामाकडून आठवडाभर उसने आणलेले पैसे पुढच्या अर्जात गायब झालेले दिसले, तर प्रश्न येणारच. नंतर कुठल्याही देशाच्या फॉर्मवर ‘व्हिसा कधी नाकारला गेलाय का?’ असं विचारलं तर मागे घेतलेल्या अर्जासाठी ‘हो’ लिहायची गरज नाही. ‘कधी अर्ज केला होता का?’ असं विचारलं तर लिहायचं. प्रश्न नीट वाचून खरं उत्तर द्यायचं, एवढंच.

मागे घेण्याची योग्य वेळ असते, नाही असं नाही. अर्ज भरल्यावर लक्षात आलं की शिक्षणाची अटच पूर्ण होत नाही, बारावीनंतरची 2 वर्षं पुरी नाहीत. नकार ठरलेलाच आहे. पैसे तसेही गेले, निदान ‘नाकारला’ हा शिक्का तरी टाळावा. तेव्हा फॉर्म 1446 भरून, सही करून, आपल्या इमीअकाउंटमध्ये (ज्यातून व्हिसाचा अर्ज भरला ते ऑनलाइन अकाउंट) जोडायचा. तोही निर्णय व्हायच्या आत. निर्णय झाला की मागे घ्यायला अर्जच उरत नाही. नुसतं एजंटला फोनवर ‘राहू दे’ सांगून काही होत नाही, ते लेखीच द्यावं लागतं, आणि एजंटला ‘राहू दे’ सांगून निवांत झालेले लोक मला माहीत आहेत.

वयाचं वाक्य तेवढं अर्धं खरं आहे. 31 वा वाढदिवस व्हायच्या आत नोंदणी करता येते. पण 29 व्या वर्षी नंबर लागलेल्याने तो सोडला, तर पुढे बॅलट एखाददुसराच उरतो, आणि त्यात नाव येण्याची शक्यता वर सांगितलीच आहे. ज्याचं वय 22 आहे त्याने मेसेज पाठवायचा आणि 30 वाल्याने तो पाळायचा, हा उद्योग थांबायला हवा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र खरोखर जपायची आहे. 462 मंजूर होऊन हातात आहे, निघायला अजून 8 महिने आहेत, आणि मध्येच मेलबर्नच्या ताईकडे बाळंतपणासाठी आईला सोडायला म्हणून तुम्ही व्हिजिटर व्हिसा काढला, तर तो लागू झाला की आधीचा 462 तिथल्या तिथे संपतो. एका वेळी एकच असा व्हिसा चालू राहतो, हाही त्याच कायद्यातला नियम, कलम 82. आईचा व्हिजिटर व्हिसा काढा, तुमचा काढू नका. सोबत जायचंच असेल तर 462 वर जा, पण त्या दिवसापासून तुमचे 12 महिने सुरू झाले हे धरून चाला.